पावण्याच्या यार्डातला थांबलेला आकडा

माझ्या धंद्याला नाव नाही. बायको सोसायटीत सांगते, "हे कॉम्प्युटरमध्ये आहेत." मग करंजाड्याच्या आमच्या बिल्डिंगमधली माणसं मोबाइल हँग झाला की माझी बेल वाजवतात. मी त्यांना दारातूनच परत पाठवतो. त्यामुळे सोसायटीत मी तिरसट म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते खरंही आहे.

मी काय करतो ते साध्या शब्दांत सांगतो. कारखान्यात एक कॉम्प्युटर असतो आणि एक यंत्र असतं. ते भट्टीचं असेल, शीतगृहाचं असेल किंवा वजनाच्या काट्याचं. यंत्राने मोजायचं आणि कॉम्प्युटरने ते लिहून घ्यायचं. दोघांमध्ये एक बारीक केबल असते. यंत्र आपला आकडा त्या तारेतून एकेक अक्षर करून, एकामागोमाग एक पाठवतं. याला सिरियल म्हणतात. दोघांचा बोलण्याचा वेग एक असावा लागतो. एकाच्या तोंडाची तार दुसऱ्याच्या कानाला जावी लागते. आणि शून्य कशाला म्हणायचं, यावर दोघांचं एकमत असावं लागतं, त्यासाठी तिसरी तार. एवढंच आहे सगळं. पण एवढ्यात बिघडलं की कॉम्प्युटरवाला म्हणतो, यंत्र खराब आहे. यंत्रवाला म्हणतो, कॉम्प्युटर खराब आहे. दोघेही आपापल्या एसी गाडीतून निघून गेले की मला फोन येतो.

मी इंजिनिअर नाही. सांगलीकडून आलो, तुर्भ्याला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग शिकलो, पुढचं सगळं लोकांच्या बंद पडलेल्या मशीनवर. म्हणून धंद्याचा पहिला नियमही मी स्वतःच शिकलो: दोष सापडला तरी तोंड उघडायचं नाही. आधी भाव ठरवायचा. कारण दोष कळेपर्यंत गिऱ्हाईक तुमचे पाय धरतं, आणि कळला की म्हणतं, "एवढंच होतं होय!"

हा नियम मला वाशीच्या मार्केटातल्या एका फळवाल्याने शिकवला. त्याच्याकडे केळी पिकवायच्या खोल्या होत्या आणि त्यांचं तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसत नव्हतं. मी गेलो, बघितलं. केबल बनवणाऱ्याने तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडला होता. दोघेही बोलत होते, ऐकत कोणीच नव्हतं. दोन तारांची अदलाबदल केली आणि आकडे आले. शेठ खूश. मग मी माझी रक्कम सांगितली.

"दोन तारांचे एवढे?" तो म्हणाला. "अरे, ह्या तर माझा पोरगापण जोडेल."

"जोडेल ना," मी म्हणालो, आणि तिथेच बसून दोन्ही तारा पुन्हा पहिल्यासारख्या करून दिल्या. "घ्या. बोलवा पोराला."

मी पार्किंगपर्यंत पोचलो तोवर तो धापा टाकत मागे आला. त्याने रक्कम दिली, वर पिकलेली केळीही दिली. "डोकं फार गरम आहे तुमचं," असंही म्हणाला. मी केळी घेतली.

असे किस्से खूप आहेत आणि ते सांगताना लोक हसतात. पण मला सांगायचं आहे ते पावण्याच्या यार्डाचं. ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण त्यात मी सौदा जिंकलो आणि तरीही फसलो.

पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एक मोठं भंगाराचं यार्ड आहे. टेंपो माल घेऊन येतात, जमिनीत बसवलेल्या मोठ्या वजनकाट्यावर चढतात, वजनाची पावती निघते, माल खाली होतो. मग एक मोठी हायड्रॉलिक प्रेस तो पत्रा दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे करते. काट्यावर पावती काढायला बाळारामदादा बसायचे. पावणे गावचेच. ज्या जमिनीवर यार्ड उभं आहे तिच्या आसपासच कुठेतरी त्यांच्या वडिलांची भातशेती होती. ते कधी तसं बोलून दाखवायचे नाहीत, फक्त एखादा टेंपो फाटकापाशी चिखलात रुतला की म्हणायचे, "हितं पयल्यापासून पानी धरतं. आमचा बापूस सांगायचा."

मी त्या यार्डात इतर कामांना जायचो तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये बसून सोल्डरिंग करायचो. आमचं रोजचं भांडण ठरलेलं.

"आला का घाटावरचा पाव्हना? चाय पिनार का आधी भाव ठरवनार?"

"तुमच्या चहाला भाव नाही, दादा. दूधच नसतं त्यात."

"दूध सगला तुमच्याकडनंच येतं ना टँकरनी. तुमी आनलं नाय, मी काय करू!"

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गावचं तळं अजून शिल्लक आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की गाव मिळून त्यात जाळी टाकतं, आणि निघालेल्या मासळीचा घरटी सारखा वाटा पडतो. हा वाटा तोलायचा तराजू दादांच्या हातात असायचा. आधी वडिलांच्या हातात होता, मग यांच्या. त्याचा पगार नाही, मान आहे. भावाभावांत कोर्टकज्जे चालू असलेली घरंसुद्धा त्या दिवशी दादांच्या हातून वाटा घेऊन न बोलता घरी जायची.

एके दिवशी यार्डाच्या शेठचा फोन आला. "शिंदे, ताबडतोब या. काट्यात घोटाळा झालाय."

गेलो तर केबिनमध्ये दादा नव्हते. खुर्चीवर एक नवीन, घाबरलेला माणूस बसला होता. शेठनी मला वर त्यांच्या ऑफिसात नेलं. म्हणाले, इरफानभाई म्हणून तळोज्याचा एक भंगारवाला आहे, त्याच्या टेंपोंची वजनं कित्येक दिवस जास्त लागली आहेत. माल कमी, पावती जास्त. नेमकी त्याचीच. आणि इरफानभाई आणि बाळाराम दोघे इकडचेच, जुनी ओळख, केबिनमध्ये एकत्र चहा पितात.

"बाळारामला मी घरी बसवलंय," शेठ म्हणाले. "त्याने केलं हे नक्की आहे. कसं केलं, ते तुम्ही शोधा. मला पुरावा पाहिजे, म्हणजे पोलिसांत देता येईल."

"आणि त्याने केलंच नसेल तर?"

"शिंदे, वायर तुम्ही बघा. माणसं मी बघतो."

मी तोंडावर आलेलं गिळलं आणि कामाला लागलो. आधी काट्याचा डबा शोधला. काट्याच्या प्लॅटफॉर्मखालून येणारं वजन या डब्यात आकड्यात बदलतं, आणि पुढे केबलने कॉम्प्युटरकडे जातं. हा डबा पावती काढणाऱ्याच्या टेबलावर असतो, म्हणजे त्याला डब्यावरचा लाल आकडा आणि कॉम्प्युटरवरचा आकडा दोन्ही एकदम दिसतात. इथे टेबल रिकामं होतं.

"डबा कुठाय?"

"माझ्याकडे," शेठ म्हणाले, आणि ऑफिसातलं लोखंडी कपाट किल्लीने उघडून दाखवलं. कुठल्याशा दुसऱ्या यार्डात एका काटेवाल्याने डब्यात रिमोट बसवून चोरी केली होती. ते ऐकून शेठनी डबा वर आणून कुलपात ठेवला होता. "आता कुणी हात लावून दाखवावा."

मी विचारलं, "आणि वायर?"

"आमच्या इलेक्ट्रिशियनने ओढली. लादी फोडावी लागली नाही, पाइप आधीच होता."

मी तो पाइप बघायला खाली गेलो. त्या पाइपातून प्रेसच्या मोटारीची जाडजूड केबल जात होती. त्याच पाइपात, तिला चिकटून, काट्याची ती बारीक, स्वस्तातली तार अख्खं यार्ड ओलांडून गेली होती. अशी तार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची असते. तिच्यातलं बोलणं कुजबुजण्याइतकं असतं. लग्नाच्या बँडला खेटून बसून कानात निरोप सांगायला लावला, तर पोचेल का?

मी माझा लॅपटॉप त्या तारेवर लावला. तारेतून जे काही येतं ते जसंच्या तसं दाखवणारा एक साधा प्रोग्राम माझ्याकडे आहे. एक टेंपो काट्यावर उभा केला. प्रेस बंद होती. आकडे एकाखाली एक, स्वच्छ, रांगेत येत होते. मग प्रेस सुरू करायला सांगितली. मोटारीने हुंकार दिला आणि माझ्या स्क्रीनवर नुसता कचरा: उलटीसुलटी चिन्हं, मध्येच अर्धा आकडा, पुन्हा कचरा.

मग मी दादांचा कॉम्प्युटर बघितला. तिथे कचरा नव्हता. तिथे एक आकडा ठळक, शांत उभा होता. मी टेंपो खाली उतरवून पाठोपाठ दुसरा चढवला. आकडा हलला नाही. ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी असं केलं होतं, की समजण्यासारखं काही आलं नाही तर शेवटचा समजलेला आकडाच दाखवत राहायचा. तार तुटली आहे, काही ऐकू येत नाही, असं एक अक्षर नाही.

पुढचं जोडणं सोपं होतं. प्रेस दुपारी चालायची. इरफानभाईचे टेंपो सकाळी दुसरीकडे गुंतलेले, म्हणून तो दुपारीच यायचा. सगळे टेंपो एकाच मापाचे, रांग इतकी दाट की एक उतरायच्या आधी दुसऱ्याचं नाक काट्यावर. मधे काटा रिकामा होऊन शून्य दिसायला वावच नाही. प्रेस क्षणभर थांबली की आकडा बदलायचा, सुरू झाली की पुन्हा तिथेच गोठायचा. पुढच्याचं वजन मागच्याच्या पावतीवर जात होतं.

मी बाहेर येऊन दादांना फोन लावला. "दादा, दुपारी आकडा कसा यायचा?"

"बेस यायचा. सकालचा हलायचा, नाचायचा. दुपारचा एकदम गप. मना वाटलं, मशीन गरम झाली का चांगली चालतं." वर म्हणाले, "हलनारा काटा खोटा, शिंदे. थांबलेला खरा. बापसानं हेच शिकवलं ना."

हातातल्या तराजूचं ते शंभर टक्के खरं आहे. आयुष्यभर ज्या माणसाने काटा स्थिर व्हायची वाट बघितली, त्याला स्थिर आकड्याचा संशय कसा यावा?

फाटकाबाहेर इरफानभाई भेटला. त्याचा माल शेठनी बंद केला होता, तरी विचारपूस करायला आला होता. मी म्हणालो, "तुझी वजनं जास्त लागली म्हणतात."

"जास्त?" तो उसळला. "अरे भाय, कितीदा कमी लागली ते कोन बोलनार? मी बाहेरच्या धरमकाट्यावर तोलून यायचो, इथे कमी भरायचं. मी गप बसलो. मला वाटायचं, दादा शेठचा मानूस, शेठच्या बाजूनी काटा मारतो. चाय पाजून पाजून मारतो."

म्हणजे शेठला वाटत होतं दादा इरफानचे, इरफानला वाटत होतं दादा शेठचे. आणि कमी लागलेली वजनं शेठच्या नजरेला आलीच नव्हती, कारण त्यात त्यांचं नुकसान नव्हतं.

आता माझ्याकडे दोष होता, आणि माझा नियम होता. मी वर गेलो.

"सापडलं?" शेठनी विचारलं.

"सापडलं."

"कसं केलं त्याने?"

"आधी ठरवू."

शेठ हसले. त्यांना माझी सवय माहीत होती. "बोला. किती?"

"माझं नेहमीचं द्या. वर एक गोष्ट. बाळारामदादांना परत त्याच खुर्चीवर बसवायचं. आणि इरफानभाईसकट सगळ्यांसमोर, काट्यापाशी उभं राहून तुम्ही स्वतः बोलायचं, की ह्या माणसाने काही केलेलं नाही."

शेठनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्याचे कोण?"

"कोणी नाही."

"मग बिल वाढवा, शिंदे. हे कशाला?"

"हाच भाव आहे. पटत नसेल तर मी निघतो. दुसरा कोणी येऊन शोधेपर्यंत तुमच्या पावत्या अशाच निघतील. आज कोणाचं वजन कोणाला लागतंय, तुम्हालाही माहीत नाही."

मी बॅगेची चेन लावली. दारापर्यंत गेलो. अशा वेळी मागे बघायचं नसतं. ते म्हणाले, "थांबा. दिला शब्द."

एरवी मी अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय स्क्रू ढिला करत नाही. पण शब्दाचा अर्धा भाग आगाऊ कसा घेणार? मी सगळं सांगितलं. पाइप दाखवला, प्रेस चालवून दाखवली, थांबलेला आकडा दाखवला. शेठ बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. डबा कपाटात कुणी ठेवला, हे मी बोललो नाही. ते त्यांना कळलं होतं.

मी काम चोख केलं. वेगळा पाइप टाकला, लांब अंतराची जाड, पीळदार तार ओढली, दोन्ही टोकांना तिला साजेसे कन्व्हर्टर लावले. सॉफ्टवेअरवाल्यांना फोनवर झाडलं, तेव्हा त्यांनी संपर्क तुटला की स्क्रीन लाल व्हायची सोय केली. मग मी वाट बघितली. दादांचा फोन आला नाही. शेवटी मीच यार्डात गेलो. खुर्चीवर तोच नवीन माणूस.

"ठरलं होतं आपलं," मी शेठना म्हणालो.

"मी त्याला तळोज्याच्या गोडाउनवर फाटकाला बस म्हणालो. पगार तोच. तो आला नाही, त्याला मी काय करू?"

"फाटकाला? आणि सगळ्यांसमोर बोलायचं होतं ते?"

"शिंदे, तुम्ही एकटे काम करता, तुम्हाला माणसं सांभाळावी लागत नाहीत. मी उद्या खाली जाऊन म्हटलं की मी चुकलो, तर परवा प्रत्येक चोर म्हणेल, वायर खराब होती. पोलिसांत दिलं नाही ना मी? ते समजा."

मी ओरडलो. काय ओरडलो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. खालचे हमाल वर बघायला लागले. शेठ शांत बसून होते, माणूस ओरडून ओरडून किती ओरडेल याचा अंदाज घेत. शेवटी मी खाली आलो आणि त्या नव्या पाइपापाशी उभा राहिलो. खिशात कटर होता. जुनी तार तशीच पाइपात पडून होती, टोकं जोडली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. हात खिशात गेलासुद्धा.

मग केबिनच्या काचेतून तो नवीन माणूस दिसला. टेंपो नीट चढला की नाही ते मान उंचावून बघत होता. जुनी तार परत जोडली असती, तर शेठचं काही बिघडलं नसतं. या माणसाचा बाळाराम झाला असता. मी कटर तसाच ठेवून निघालो. माझ्या आयुष्यात मी केलेलं काम परत घेता आलं नाही, असा तो एकच सौदा.

यार्डातली गोष्ट एव्हाना गावात पोचली होती. शेठ बोलत नाहीत तर मी बोलतो, असं ठरवून तळ्याच्या वाटपाच्या दिवशी पावणे गावात गेलो. तळ्याच्या काठावर घरटी एक माणूस आपापली पाटी घेऊन उभा होता. मधे ताडपत्रीवर मासळीचा ढीग. दादा रांगेत होते, पाटी घेऊन, बाकीच्यांसारखे. ढिगापाशी टेबलावर नवा कोरा इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि गावकमिटीतला एक जण त्यावर तोलत होता.

मी तिथेच सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. तार, प्रेस, कचरा, थांबलेला आकडा. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी अडवलं नाही. संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "तुमी त्याचं दोस्त हाव ना? मंग तुमी बोलनारच."

"मावशी, मी दोस्त नाय. मी हे पोटासाठी करतो. वायरी बघतो."

"आमी तरी कुठं बोलतो त्यानं खाल्ला म्हनून?" कमिटीवाला मधे पडला. मनाने चांगला माणूस होता. "दादावं कोनाचाच राग नाय. पन एकदा नाव निंघालं ना, मग त्यालापन त्रास नि आमालापन. म्हनून हा मशीन आनला. कोनाच्या हाताचा सवालच नाय."

मी दादांकडे बघितलं. "दादा, तुम्ही तरी बोला."

"काय बोलू?" ते म्हणाले. "आज तराजू हातात घेतला ना, तं सगली मानसं मासली नाय बघायची. माजा आंगठा बघतील. र्‍हाऊ दे, शिंदे."

त्यांचा नंबर आला. त्यांनी पाटी पुढे केली. काट्यावरचा आकडा हलला, स्थिर झाला. कमिटीवाल्याने वाटा ओतला. दादांनी आकड्याकडे बघितलंही नाही.

कमिटीवाल्याला तेवढ्यात काहीतरी सुचलं. काटा उचलून, मागची बाजू माझ्याकडे करून त्याने विचारलं, "साहेब, तुमचा धंदाच हाय ना ह्यो? ह्याला कॉम्प्युटर जोडता येल का? म्हंजे सगला आपोआप लिवला जाईल. पुढं कधी कोनाचा नाव नको यायला. काय भाव होईल तो सांगा, गाव देल."

काट्याच्या मागे केबल लावायचं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट होतं. रबरी टोपणसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. एका तासाचं काम.

"नाही जोडता येत," मी म्हणालो.

"काईच नाय व्हनार?"

"नाही."

दादा पाटी काखेत घेऊन ऐकत उभे होते. सिरियल पोर्ट कसं दिसतं हे त्यांना चांगलं माहीत होतं, मी सोल्डरिंग करताना कितीतरी वेळा त्यांनी ते हातात धरून ठेवलं होतं. त्यांनी त्या काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घराच्या वाटेला लागले.